असेल काहीतरी

मागच्या वर्षी रमजान ईदच्या पंधरा दिवस आधी आमच्या घरात पहिली चारचाकी आली. नवी नव्हे, सेकंडहँड. 2014 चं मॉडेल, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. मी शाळामास्तर. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम आणि बायकोची शिल्लक अशी जुळवाजुळव करून ती घेतली. मिरजेतल्या आमच्या गल्लीत गाडी लागली, तशी इफ्तारनंतर शेजारपाजारची मंडळी मुबारकबाद द्यायला आली. कोणीतरी म्हणालं, "बोनेट तर उघडा, इंजिन बघू." मी उघडलं. आत सगळं चकाचक. प्लास्टिकवर पॉलिश, नळ्यांवर पॉलिश, बॅटरीवरसुद्धा पॉलिश. आम्ही चारपाच जण वाकून बघत होतो आणि गंभीरपणे माना डोलवत होतो. एवढ्यात माझी नववीतली मुलगी मध्ये शिरली आणि एका काळ्या रबरी तुकड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "अब्बू, ही नळी कुठंच जात नाही. हे काय आहे?"

मी म्हणालो, "असेल काहीतरी."

या दोन शब्दांबद्दल आज लिहायचं आहे.

खरं तर मला ती नळीच काय, बाकीचं निम्मंही ओळखता येत नव्हतं. बॅटरी कळत होती. काच धुण्याच्या पाण्याची टाकी कळत होती. बाकी सगळा अंधार. पण गाडी घेतलेल्या पुरुषाला गाडीतलं कळतं असं आपल्याकडे धरूनच चालतात आणि आपणही तो समज मोडत नाही. शाळेत मी मुलांना रोज सांगतो की विचारायला लाजू नका. स्वतःच्या दारात, शेजाऱ्यांसमोर, मुलीच्या साध्या प्रश्नाला "मला माहीत नाही" एवढं उत्तर मला देता आलं नाही.

ईदनंतर रत्नागिरीला सासुरवाडीला जायचं ठरलं होतं. वाटेत आंबा घाट. गाडी उभी असताना इंजिनाचा आवाज मध्येच चढायचा, मध्येच पडायचा. विकणारा म्हणाला, "पेट्रोल भरा चांगलं, होईल सरळ." तरी मनात खुटखुट होती म्हणून शहराबाहेरच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या एका उस्तादांकडे गाडी नेली. वय साठीच्या पुढे. अकराव्या वर्षी रॉकेलमध्ये पार्ट धुण्यापासून त्यांची सुरुवात झाली. मुलगी हट्टानं सोबत आली होती. तिनं तोच प्रश्न त्यांना विचारला. उस्तादांनी त्या नळीवर बोट फिरवलं, बोटाला पांढरट खर लागली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सर, ये पाइप कंपनीका नै. इसमें पैले गॅस था."

मी म्हणालो, गाडी पेट्रोलची आहे, आरसी बुकात तसंच लिहिलंय. ते काही बोलले नाहीत. मागं जाऊन त्यांनी डिक्कीतला गालिचा उचलला. खाली पत्र्याला भोकं होती, वर लांबी भरून रंग मारलेला. सिलिंडरची चौकट तिथं बसवलेली होती.

मग त्यांनी एकेक गोष्ट उलगडून दाखवली. सीएनजी किटमध्ये रिड्यूसर असतो. सिलिंडरमधला प्रचंड दाबाचा वायू तो इंजिनाला झेपेल एवढ्या दाबावर आणतो. दाब उतरताना वायू थंड पडतो, म्हणून रिड्यूसर गोठू नये यासाठी इंजिनाचं गरम कूलंट त्यातून फिरवतात. त्याकरता हीटरच्या नळीला मध्ये कापून तीन तोंडांचा जोड बसवतात. कोणीतरी आमच्या गाडीतलं किट काढून घेतलं आणि जोड तसाच ठेवला. उरलेल्या तोंडाच्या नळीत एक बोल्ट खुपसून वर क्लिप आवळली. मुलीला दिसलेली कुठंच न जाणारी नळी ती हीच. बोटाला लागलेली खर म्हणजे तिथून झिरपून वाळलेलं कूलंट. त्याशिवाय गॅस आत सोडण्यासाठी इंजिनात हवा जाते त्या मॅनिफोल्डला भोकं पाडली होती. त्यावर बसवलेली रबरी टोपणं उष्णतेनं तडकली होती. तिथून न मोजलेली हवा आत शिरत होती आणि म्हणून आवाज चढत-पडत होता. पेट्रोल इंजेक्टरच्या तारा कापून पुन्हा नुसत्या चिकटपट्टीनं जोडल्या होत्या.

आंबा घाटात चढावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, उन्हाळ्याच्या दिवसात तो बोल्ट निसटला असता तर कूलंट बघता बघता वाहून गेलं असतं. मागच्या सीटवर अम्मी आणि दोन मुलं असणार होती. दुरुस्तीला लागले तीन हजारांच्या आत. नवी अखंड नळी, भोकं नीट बंद करणं, तारांना झाळ. प्रश्न पैशांचा नव्हताच. नववीतल्या मुलीला दिसलं ते मी बघून न बघितल्यासारखं केलं होतं, हे मला लागलं.

विकणाऱ्यावर मी चिडलो होतो, पण त्याला हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे. त्यालाही कोणीतरी अशीच विकली असेल आणि त्यानंही "असेल काहीतरी" म्हटलं असेल. गाडी एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा हे दोन शब्दही सोबत जातात.

याचा अर्थ अनोळखी दिसेल त्या प्रत्येक वस्तूचा संशय घ्यावा असा नाही. उस्तादांनी त्या दिवशी आमचे पुष्कळ संशय फेडलेही. इंजिन चालू असताना एक छोटा डबा टिकटिक करत होता. मला वाटलं, हे बिघडलंय. तो पर्ज व्हॉल्व्ह. टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या डब्यात धरून ठेवतात आणि हा व्हॉल्व्ह उघडझाप करत ती इंजिनात जाळायला पाठवतो. टिकटिक हे त्याचं काम करणंच आहे. हे माहीत नसणाऱ्याला कोणीही घाबरवून त्याच्याकडून पैसे काढू शकतो. दिव्याजवळ एक रिकामा प्लग लोंबत होता. तो वरच्या मॉडेलमधल्या फॉगलॅम्पचा. कंपनी बऱ्याचदा सगळ्या मॉडेलना एकच वायरिंग टाकते, स्वस्त मॉडेलमध्ये तोंडं रिकामी राहतात. त्यात काळजीचं काही नाही.

आमच्या लहानपणच्या मारुती 800 मध्ये बोनेटखाली हात घालायला ऐसपैस जागा होती. कार्ब्युरेटर, डेलको, रेडिएटर, संपलं. 1995 पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, पुढं धुराचे नियम कडक होत गेले, 2017 ला देशभर बीएस-4 आणि 2020 ला बीएस-6. प्रत्येक टप्प्याला काही सेन्सर, काही नळ्या, काही व्हॉल्व्ह वाढले. म्हणजे बोनेटखालची गर्दी उगाच झालेली नाही. तिथल्या प्रत्येक वस्तूला कारण आहे. ज्या वस्तूचं कारण कोणालाच सांगता येत नाही, तिथं थांबायचं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. जुनी गाडी घेताना, सह्या करण्याआधी, ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन बोनेट उघडा आणि कळत नाही त्या प्रत्येक वस्तूबद्दल तीन प्रश्न विचारा. ही कंपनीची की नंतर बसवलेली? हिचं काम काय? आणि नंतर बसवलेली असेल तर कागदावर आहे का? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे इंधन बदलणारं किट मान्यताप्राप्त लागतं आणि त्याची नोंद आरसीत व्हावी लागते. किट गाडीत असेल तर सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, विम्यात त्याचा उल्लेख आहे का, तेही बघा. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहा. आणि गाडी दाखवण्याआधी इंजिन धुऊ नका असं सांगा. धुळीत तेल-पाण्याचे ओघळ दिसतात, पॉलिशखाली दिसत नाहीत. हात मात्र जपून घाला. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही आणि हायब्रिड गाडीत नारिंगी तारांना शिवायचं नाही, त्यात जीवघेणा करंट असतो.

कोणी म्हणेल, एवढं आपल्याला कशाला, मिस्त्री आहे ना? आहे. पण मिस्त्री आपण दाखवू ते बघतो. दाखवायला आधी आपल्याला दिसावं लागतं.

अजून एक गोष्ट त्या शेडमध्ये जाणवली. आपल्या मोहल्ल्यामोहल्ल्यांत अशी माणसं आहेत. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही, म्हणून आपण शिकलेले लोक त्यांना अडाणी समजतो. शिक्षणावर भाषणं देताना त्यांची आठवण काढतो तीही "शाळा सोडलेला मुलगा गॅरेजला लागला" अशी. उस्तादांनी अर्ध्या तासात दाब, उष्णता, हवा आणि इंधनाचं प्रमाण जेवढं समजावलं, तेवढं माझ्या वर्गातल्या मुलांना पुस्तकातून समजलं असेल याची मला खात्री नाही. तिथं पाने पुसणाऱ्या दोन पोरांना कोणी हे वहीत लिहून द्यायला हवं होतं. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका इंग्रजीत आहे. ती त्यांच्या कामाची नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही फारशी कामाची झाली नव्हती.

ते काम मुलीनं केलं. चित्रकलेच्या वहीत तिनं बोनेटखालचा नकाशा काढला. प्रत्येक वस्तूचं पुस्तिकेतलं नाव, त्याखाली उस्ताद म्हणतात ते नाव, आणि मराठीत एका ओळीत काम. रत्नागिरीला जाऊन आलो, घाटात काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. त्या नकाशाची एक प्रत उस्तादांनी शेडच्या भिंतीला चिकटवली आहे. त्यात बॅटरीमागच्या एका लहान डब्यावर अजून प्रश्नचिन्ह आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला विचारायचं ठरलंय. या वेळी मी विचारणार आहे.