सरड्याची धाव कुंपणापर्यंतच बरी



पावसाळा उतरणीला लागला की बांधावरच्या झुडपात हिरवागार घोयरा दिसू लागतो. काही भागांत त्याला सरडगुहिरा म्हणतात, तर कुठे नुसताच रंग बदलणारा सरडा. गुरांमागे गेलेली पोरे त्याला काठीवर बसवून घरी आणतात, बुटांच्या खोक्यात ठेवतात आणि वडिलांच्या मागे लागतात, "याला पिंजरा करून द्या." हल्ली मोबाइलवर परदेशातल्या हौशी लोकांचे पिंजरे पाहून तर हा हट्ट अधिकच वाढला आहे. गावोगावच्या भेटीत हा प्रश्न इतक्या वेळा कानावर आला, की आज खते-बियाणे बाजूला ठेवून त्याचेच उत्तर द्यावे असे ठरवले.

पोरांना रागावू नका. ज्याला किडामुंगीचे कौतुक वाटते, तो मुलगा किंवा मुलगी पुढे पिकाकडेही डोळसपणे पाहते. मात्र पिंजऱ्याला हात घालण्यापूर्वी हा प्राणी कोण आहे, ते घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यावे.

घोयरा कसा ओळखावा?

कुंपणावर मान हलवत बसणारा, चाहूल लागताच सुळकन पळणारा नेहमीचा सरडा वेगळा. घोयरा पळत नाही. वाऱ्याने पान डुलावे तसा मागे-पुढे झुलत, एकेक पाय मोजून टाकतो. भारतात त्याची ही एकच जात आढळते. ती दक्षिणेकडच्या पठारी मुलखात आणि श्रीलंकेत दिसते. शेपटीसकट लांबी साधारण एक ते सव्वा फूट. अंग दोन्ही बाजूंनी चपटे, डोक्यावर टोपीसारखा उंचवटा. पायाची बोटे दोन आणि तीन अशी जोडलेली असतात, त्यामुळे चिमट्याने धरावी तशी तो फांदी धरतो. शेपटी हा त्याचा पाचवा हात. पालीची शेपटी तुटली तर पुन्हा येते, याची येत नाही. म्हणून त्याला शेपटीला धरून कधीही उचलू नये.

दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरतात. एक डोळा तुमच्याकडे, तर दुसरा टोळाकडे! टोळ टप्प्यात आला, की डोळ्याचे पाते लवण्याच्या आत अंगाच्या लांबीहूनही लांब जीभ बाहेर पडते आणि भक्ष्य तोंडात येते.

रंगाबद्दल मात्र आपला मोठा गैरसमज आहे. ज्या रंगावर ठेवाल तो रंग तो घेतो, असे नाही. थंडी-ऊन, भीती, राग, दुसरा घोयरा समोर येणे, अशा कारणांनी त्याचा रंग पालटतो. सकाळी गारठलेला घोयरा ऊन लवकर शोषावे म्हणून काळपट होतो, तर दिवस मावळल्यावर झोपी गेला की फिकट पडतो. मुलांनी त्याला हातात घेतल्यावर अंगावर गडद ठिपके व पट्टे उठतात, तेव्हा ती गंमत चाललेली नसते. जनावर घाबरलेले असते.

आणखी एक. घोयरा विषारी असतो या समजुतीने तो दिसताच दगड घालणारे लोक आजही आहेत. त्याला विष नाही. फार छेडले तर तो फुगतो, फुत्कारतो, तोंड वासतो, एखादे वेळी चावतोही. पण त्याने माणूस मरत नाही की गुराचे दूध आटत नाही.

पिंजरा करायचा तर काय काय लागते?

परदेशात जे लोक त्यांच्याकडच्या अशा प्राण्यांना पाळतात, त्यांना किती सायास करावे लागतात ते पाहा. काचेची पेटी चालत नाही, हवा कोंडते. काचेत स्वतःचेच रूप पाहून तो दुसरा घोयरा समजतो आणि दिवसभर बेजार होतो. म्हणून चारही बाजूंनी जाळीचा, माणसाच्या छातीइतका उंच पिंजरा लागतो, कारण त्याला उंचावर बसायचे असते. आत जिवंत झाडे आणि बोटाएवढ्या जाडीच्या आडव्या-तिडव्या फांद्या लागतात.

वाटीत ठेवलेले पाणी तो सहसा पीत नाही. पानांवर चमकणारे थेंब तेवढे तो चाटतो. त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा पानांवर पाणी शिंपडावे लागते, आणि पुन्हा सगळे कोरडेही व्हावे लागते, नाहीतर बुरशी धरते. खाणे म्हणजे हलते-फिरते किडे, तेही रोज आणि वेगवेगळे. मेलेली माशी समोर ठेवली तर तो तिच्याकडे बघत नाही. पोरे दोन दिवस उत्साहाने टोळ धरून आणतात, तिसऱ्या दिवशी शाळा असते.

सर्वांत अवघड गोष्ट उन्हाची. उन्हातल्या अतिनील किरणांनी अंगात 'ड' जीवनसत्त्व तयार होते आणि त्यामुळेच हाडांना चुना मिळतो. कोंबड्यांना शिंपल्याचा चुरा मिळाला नाही तर अंड्याचे कवच मऊ पडते, हे आपल्या घरच्या बायकांना सांगायला नको. तसेच घरात कोंडलेल्या घोयऱ्याची हाडे मऊ पडतात, पाय वाकडे होतात, जीभसुद्धा नीट सुटत नाही. परदेशात त्यासाठी खास दिवे लावतात आणि किड्यांवर चुन्याची भुकटी लावून देतात.

मादीची गोष्ट आणखी निराळी. पावसाळा सरताना ती झाडावरून खाली उतरते, ओलसर भुसभुशीत जमिनीत बीळ उकरते, दहापासून तीसपर्यंत अंडी घालते आणि माती सारखी करून निघून जाते. पिंजऱ्यात उकरायला खोल माती मिळाली नाही, तर अंडी पोटातच अडकतात आणि मादी मरते. मुले ज्या दिवसांत घोयरे घरी आणतात, नेमके तेच हे दिवस. फुगलेल्या पोटाची मादी खोक्यात गेली, तर एका जिवाबरोबर वीस-पंचवीस जीव जातात.

आणि एवढे करून साधते काय? घोयरा हा एकलकोंडा. दोन एकत्र ठेवले तर भांडतात. त्याला कुरवाळलेले आवडत नाही. कुत्र्यासारखा तो शेपूट हलवत येणार नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात तर काही दिवसांतच तो सुकून मरतो आणि पोरांच्या डोळ्यांत पाणी येते.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये आपल्या घोयऱ्याला संरक्षण दिलेले आहे. त्याला पकडणे, घरात बाळगणे, विकणे किंवा मारणे हा गुन्हा आहे. शहरातून कोणी विकत घ्यायला आला आणि चार पैसे दाखवले, तरी त्या फंदात पडू नका. परदेशी जाती विकणारेही जाहिराती करतात. अशा पुष्कळ प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करणे आता बंधनकारक झाले आहे. त्यामुळे तिकडेही कागदपत्रांवाचून हात घालू नये.

पोराने घोयरा आणलाच असेल, तर घाबरून जाऊ नका. जिथून आणला तिथेच त्याच दिवशी, ऊन असताना, रस्त्यापासून लांबच्या झुडपावर सोडा. हाताने ओढून काढू नका, कारण तो फांदी घट्ट धरतो आणि बोटे दुखावतात. त्याच्या पुढे काठी धरा, तो आपणहून तिच्यावर चढेल. जखमी असेल तर गावच्या वनरक्षकाला कळवा किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

त्याचा खरा पिंजरा: आपले कुंपण

वर जी यादी दिली ती पुन्हा एकदा वाचा. उंच हवेशीर जागा, आडव्या फांद्या, पानांवरचे दवबिंदू, सकाळचे ऊन, रोजचे ताजे किडे, अंड्यांसाठी मऊ माती. हे सगळे शेताच्या जिवंत कुंपणात फुकट मिळते. दाट जंगलापेक्षा झुडपी माळ आणि काटेरी वई त्याला जास्त मानवते. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण आपण टोमणा मारायला वापरतो, पण घोयऱ्याला तेवढी धाव पुरते. काळजी एवढीच, की कुंपणच उरलेले नाही. बांध कोरून कोरून वीतभर राहिले, वईच्या जागी तारा आल्या आणि उरलेल्या बांधावर तणनाशकाचा फवारा.

तेव्हा मुलाने पिंजरा मागितला, तर त्याला बरोबर घेऊन येत्या पावसाळ्यात निदान एका बांधावर कुंपण लावा. रीत सोपी आहे. उन्हाळ्यात बांधाच्या कडेने फूटभर रुंद, फूटभर खोल चर काढून त्यात शेणखत मिसळून ठेवा. चांगला पाऊस झाला की गिरिपुष्पाच्या मनगटाएवढ्या जाड, तीन-चार फूट लांबीच्या फांद्या तीन-तीन फुटांवर लावा. खालचे टोक तिरके कापून फूटभर जमिनीत जाऊ द्या. मधल्या जागेत निरगुडीच्या हातभर काड्या टोचा. त्या लवकर मुळे धरतात आणि जनावरे त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. बाहेरच्या अंगाला दोन-दोन फुटांवर करवंदाची रोपे लावा. करवंदाचे बी ताजेच पेरावे लागते, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी पिकलेल्या फळांतून काढून लगेच पिशव्यांत टाका. करवंदाची वाढ सावकाश असते, पण तीन-चार वर्षांत अशी वई तयार होते की शेळी आत शिरत नाही. गिरिपुष्पाचा पाला हिरवळीचे खत म्हणून शेतात पडतो, निरगुडीचा पाला घरच्या औषधाला आणि धान्याच्या कणगीला उपयोगी येतो, करवंदे लोणच्याला होतात.

उंची चार-पाच फुटांवर राखा, म्हणजे पिकावर सावली पडत नाही. छाटणी सगळ्या बांधांची एकदम करू नका. एक बाजू यंदा, दुसरी पुढल्या वर्षी, म्हणजे त्यातल्या जिवांना आसरा राहतो. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याशी आधी बोलून घ्या. बांधावरून भाऊबंदकीत किती दावे चालतात, ते तुम्हाला सांगायला नको.

उन्हाळ्यात बांध पेटवू नका. गवताबरोबर वई जळते, तिच्यातले जीव होरपळतात, आणि कुजून मातीला मिळणारा काडीकचरा वाया जातो. बांधावर तणनाशक मारू नका, विळ्याने गवत कापा. पिकावर औषध मारायचे तर आधी किडी मोजा, नुकसानीची पातळी ओलांडली असेल तरच मारा, आणि वारा बांधाकडे वाहत असेल तर थांबा. विष लागलेला टोळ घोयऱ्याच्या पोटात गेला, तर ते विषही त्याच्या पोटात जाते.

घोयरा बांधावर आला म्हणजे फवारणीचा खर्च संपला, असे मी सांगणार नाही. तो टोळ खातो तशी मधमाशीही खातो. पण तो, बुलबुल, बेडूक, कोळी, नाकतोडे खाणारी कोतवालाची जोडी ही सगळी मिळून जी राखण करतात, तिचे बिल दुकानदाराकडून येत नाही.

मग पोरांनी पाळायचे काय?

मुलांची हौस मारू नये. पिंजरा करायचाच, तर लिंबावरच्या अळीसाठी करा. ती आपल्या लिंबाची कीडच आहे, तिला धरायला कायद्याची आडकाठी नाही. आंब्याची रिकामी लाकडी पेटी उभी करा, पुढची बाजू जुन्या मच्छरदाणीच्या कापडाने झाका, एका कडेला ते कापड चुकांनी पक्के करा आणि दुसऱ्या कडेला उघडझाक होईल असे ठेवा. तळाला वर्तमानपत्राचा कागद घाला. पाण्याने भरलेल्या छोट्या बाटलीत लिंबाची कोवळी फांदी ठेवा, आणि अळी बुडू नये म्हणून बाटलीच्या तोंडाला कापसाचा बोळा बसवा. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी लिंबाच्या पानावर सापडेल. ती दोन-तीन आणा, अधिक नको. फवारलेल्या झाडाचा पाला घालू नका. पाला रोज बदला, कागद रोज झटका.

अळी मोठी होऊन हिरवी होईल, मग काडीला सुताने बांधून घेतल्यासारखी कोशात जाईल. पुढे आठ-दहा दिवसांत एखाद्या सकाळी काळ्या-पिवळ्या पंखांचे फुलपाखरू बाहेर येईल. पंख वाळले की सोडून द्या. महिन्याभरात मुलांना कीड कशी वाढते ते कळेल, आणि अळी कोणत्या वयात सर्वांत जास्त खाते हेही. हे शिक्षण पुढे शेतात कामाला येते.

घोयऱ्याची वही मात्र जरूर ठेवायला सांगा. कोणत्या झुडपावर दिसला, किती वाजता, रंग कोणता, काय खाल्ले. दिवस मावळल्यावर वडीलधाऱ्यांबरोबर, पायात बूट घालून, विजेरी घेऊन कुंपणाजवळ गेले तर फांदीच्या टोकाशी झोपलेला फिकट घोयरा उजेडात लगेच उठून दिसतो. पाहावा, लिहून घ्यावा आणि तसाच झोपू द्यावा.

आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल घेऊन शेतरस्त्याने जाताना जरा पुढे पाहत चला. झुलत झुलत रस्ता ओलांडणारा घोयरा दिसला तर क्षणभर थांबा. बहुधा ती अंडी घालायला निघालेली मादी असते, आणि तिला घाईने चालता येत नाही.