खंदक आहे, शेजार कुठे आहे?

कंधारच्या राष्ट्रकूटकालीन भुईकोट किल्ल्याला रुंद खंदक आहे. पण आत जागती माणसे नसतील तर खंदक काय राखणार? आज त्याच कंधारात घरांवर कॅमेरे आले, दारांना लोखंडी जाळ्या आल्या. शेजाऱ्याची विचारपूस मात्र उरली नाही. भ्रमणध्वनीवरील अफवा पुढे ढकलली की या सुशिक्षित वर्गाची जागरूकता संपली!

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, मुले पळविणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार केले. ज्यांच्या झोळीत पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा वाढली, त्यांनाच समाज ओळखेनासा झाला. 16 एप्रिल 2020 रोजी पालघरमधील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा चालक अशाच अफवेला बळी पडले. तेथे तर पोलीस हजर होते.

ग्रामसुरक्षा दलाची तरतूद कायद्यातच आहे. ते दल किती गावांत कागदाबाहेर आले? अनोळखी माणसाची चौकशी करावी, 112 वर कळवावे, हात उगारू नये, हे ठरविण्यासाठी गल्लीतील दहा घरांनी एकत्र बसावे लागते. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी प्रत्येक दार ठोठावणाऱ्या मंडळांना तेवढे जड का व्हावे?