दम किती आहे, हे कोण मोजणार?

गेल्या महिन्यात आमच्या गावातील एका मंडळाने मोफत आरोग्य तपासणी शिबिर भरवले होते. तपासणाऱ्या डॉक्टरांत मीही होतो. मंगल कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर टेबले मांडली होती. एका टेबलावर वजन-उंची, दुसऱ्यावर रक्तदाब, तिसऱ्यावर बोटातून थेंबभर रक्त काढून साखर आणि पडद्याआड ई.सी.जी. दुपारपर्यंत दोनशेच्या वर माणसे तपासून झाली.

शेवटी शेवटी एक निवृत्त गुरुजी आले. वय बासष्ट. हातातला कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. वजन बेताचे, रक्तदाब १२८/८२, साखर मर्यादेत, ई.सी.जी.मध्ये दोष नाही. "डॉक्टरसाहेब, सगळे नॉर्मल आहे ना?" मी "हो" म्हणालो आणि सही करून कागद परत दिला. वास्तविक हेच गुरुजी थोड्या वेळापूर्वी जिना चढून आले, तेव्हा कठड्याला धरून बराच वेळ उभे होते, हे मी पाहिले होते. जिना जेमतेम बावीस पायऱ्यांचा. पण त्यांना धड बोलता येईना, इतका दम लागला होता. दमाची नोंद करायला कागदावर रकानाच नव्हता, आणि गर्दीच्या घाईत मीही ती केली नाही. त्या सहीची बोच मला लागून राहिली आहे. आजचा विषय त्यातूनच सुचला.

वाचकहो, आपण वजन मोजतो, साखर मोजतो, रक्तदाब मोजतो. पण शरीराची क्षमता म्हणजे दम, ताकद, उठण्याबसण्याची चपळाई आपण मोजतच नाही. तंदुरुस्ती ही चेहऱ्यावरून ओळखायची गोष्ट आहे, अशी आपली समजूत आहे. ती मोजता येते, आणि पुढच्या आयुष्याविषयी ती बरेच काही सांगून जाते, हे गेल्या सत्तर वर्षांत निरनिराळ्या देशांत दिसून आले आहे.

या अभ्यासाची सुरुवात बसपासून झाली, हे ऐकून आश्चर्य वाटेल. दुसरे महायुद्ध संपल्यावर लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस हे हृदयविकाराची कारणे शोधत होते. लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून असे, तर कंडक्टर तिकिटे फाडत दिवसाकाठी शेकडो पायऱ्या चढउतार करी. दोघे एकाच खात्यातले, एकाच थरातले. मॉरिस यांनी सुमारे ३१ हजार वाहतूक कामगारांच्या नोंदी पाहिल्या आणि १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडला. ड्रायव्हरपेक्षा कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर तो उशिरा व सौम्य स्वरूपात होत होता.

मॉरिस मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. मुळातच स्थूल असलेली माणसे ड्रायव्हरची नोकरी तर पत्करत नसतील, अशी शंका त्यांनी स्वतःच घेतली. त्यांनी गणवेशाच्या नोंदी तपासल्या. ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली, आणि तीही तरुण वयापासूनच. १९५६ साली त्यांनी हेही प्रामाणिकपणे छापले. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नव्हते. पायी टपाल वाटणारे पोस्टमन आणि खुर्चीत बसून काम करणारे कारकून यांच्यातही तसाच फरक आढळला, त्यामुळे श्रमाचा संबंध बळकट झाला. तरीही माणसाचा हुद्दा पाहून त्याच्या शरीराची क्षमता कळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष मोजणी हवी होती.

ती मोजणी अमेरिकेत डलास येथे झाली. डॉ. केनेथ कूपर यांच्या संस्थेत आलेल्या माणसांना फिरत्या पट्ट्यावर चालवत. पट्ट्याचा चढ हळूहळू वाढवत नेत आणि माणूस किती वेळ टिकतो, हे घड्याळ लावून पाहत. डॉ. स्टीव्हन ब्लेअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १० हजार २२४ पुरुषांचा आणि ३ हजार १२० स्त्रियांचा सरासरी आठ वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला. १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्षमतेप्रमाणे लोकांचे पाच गट पाडले होते. सर्वांत कमी दमाच्या पुरुषांमध्ये मृत्यूचे प्रमाण वर्षाला दर १० हजारांमागे ६४ होते, तर सर्वांत तंदुरुस्त गटात १८.६. वयाचा फरक जमेस धरूनच हे आकडे काढलेले आहेत.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो आकडा निराळाच आहे. शेवटून दुसऱ्या गटात हे प्रमाण २५.५ होते. म्हणजे ६४ वरून उतरून २५.५ वर येण्यासाठी मॅरेथॉन धावावी लागत नाही. शेवटच्या बाकावरून उठून त्याच्या पुढच्या बाकावर बसले, तरी सर्वांत मोठा फरक तेथेच पडतो. व्यायाम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पैलवान येतो आणि "ते आपल्याला कुठले जमायला!" म्हणून आपण पुन्हा खुर्चीत बसतो. आपल्याला पैलवान व्हायचेच नाही, शेवटचा बाक तेवढा सोडायचा आहे.

आजारी माणसाचा दम आधीच कमी असणार, मग दम कमी म्हणून मृत्यू की आजार म्हणून दम कमी, असा प्रश्न चाणाक्ष वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. अशा पाहणीतून संबंध दिसतो. कारण सिद्ध करणे अवघड असते. म्हणून ब्लेअर यांनी ९ हजार ७७७ पुरुषांची काही वर्षांच्या अंतराने दोनदा चाचणी घेतली. पहिल्या वेळी कमी भरलेले पण दुसऱ्या वेळी सुधारलेले जे पुरुष होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका न सुधारलेल्यांपेक्षा ४४ टक्के कमी आढळला. १९९५ सालचा हा निष्कर्ष. दम हा काही जन्मतः मिळालेला आणि कायमचा ठरलेला नसतो, हे यातून दिसते.

यावर "हे साहेबांच्या देशातले, आपल्याकडे लोक कष्टाचे आहेत" असे म्हणणारे भेटतात. त्यांनी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट पुण्याची. तेथील के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! आपण सडपातळ दिसतो, पण आत चरबी साठलेली असू शकते. तेव्हा वजनकाट्याच्या दाखल्यावर विसंबून राहू नये.

दुसरी गोष्ट कष्टाची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेह पाहणीत महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथील १४ हजारांहून अधिक लोकांना हालचालींविषयी विचारले गेले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ५४.४ टक्के लोक पुरेशी हालचाल करत नव्हते. शहरांत हे प्रमाण ६५ टक्के होते, तर खेड्यांतही ५० टक्के. आणि ही माहिती लोकांनी सांगितलेली आहे. "मी दिवसभर कामातच असतो" हे वाक्य मी दवाखान्यात रोज ऐकतो. दुकानाच्या गल्ल्यावर बसणाराही तेच म्हणतो. तोंडी उत्तराने भागत नाही, शरीरालाच विचारावे लागते.

तिसरी गोष्ट खरोखर राबणाऱ्यांची, विशेषतः बायकांची. दिवसभर खुरपणी करून, वर पाणी वाहणारी बाई दमते, तेव्हा "कामाने दमली" म्हणून आपण सोडून देतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. थकणे आणि तंदुरुस्त असणे एक नव्हे. तिचा दम कोणी मोजला असता, तर रक्त तपासायची बुद्धी आधीच झाली असती.

मोजायला फार खर्च येत नाही. हातात धरून दाबायचे एक छोटे यंत्र मिळते. मुठीची पकड किती किलोची, ते त्यावर कळते. भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार लोकांची पकड अशी मोजून त्यांचा मागोवा घेतला गेला. २०१५ च्या निष्कर्षानुसार पकड ५ किलोने कमी असली, की मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त दिसला. वरच्या रक्तदाबाच्या आकड्यापेक्षाही पकडीवरून हा अंदाज अधिक चांगला बांधता आला.

ब्राझीलचे डॉ. क्लॉडिओ अराउजो यांची चाचणी तर आपल्या घरातलीच वाटावी. जमिनीवर बसायचे आणि उठायचे. एकंदर गुण १०. हात, गुडघा टेकला की दर वेळी एक गुण वजा, तोल गेला तर अर्धा. ५१ ते ८० वर्षांच्या २ हजार २ जणांत, ज्यांना अगदी कमी गुण मिळाले त्यांच्यात पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण चांगले गुण मिळवणाऱ्यांपेक्षा पाचपटीहून अधिक होते. आपले आजी-आजोबा पंगतीत, कीर्तनात, देवापुढे दिवसातून दहा वेळा ही परीक्षा देत आणि पास होत. आपण मात्र डायनिंग टेबल, कमोड आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या घरात आणून ती परीक्षाच रद्द केली आहे.

आपल्याकडे दम मोजत नाहीत असे नाही. पोलीस भरती जवळ आली की पहाटेच मैदाने भरतात. मुले १६०० मीटर, मुली ८०० मीटर धावतात. कोणीतरी घड्याळ घेऊन उभा असतो. भरती झाली किंवा हुकली, की ते घड्याळ खिशात जाते ते कायमचे. नोकरीसाठी मोजतो, मग आयुष्यासाठी का नाही?

शिबिरे भरवणारी मंडळे, नगरपालिका आणि शाळा यांना माझी विनंती आहे, की तपासणीच्या कागदावर तीन रकाने वाढवावेत. एक, शाळेच्या व्हरांड्यात ३० मीटरच्या खुणा करून सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालला. दोन, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात छातीशी बांधून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठला. तीन, मुठीची पकड. परदेशी कोष्टके जशीच्या तशी लावू नयेत. पकडीची सरासरी देशोदेशी वेगळी असते. आपल्याच तालुक्यातील समवयस्कांशी आणि आपल्याच गेल्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करावी. छातीत दुखणाऱ्यांनी, हृदयरोग्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी आणि गुडघ्याच्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांपैकी काही करू नये. आणि थोड्याशा चढानेही दम लागत असेल, तर तो वयाचा म्हणून सोडून न देता तपासून घ्यावा.

गुरुजींना मी दुसऱ्या आठवड्यात निरोप धाडून बोलावून घेतले. हिमोग्लोबिन, छातीचा फोटो, हृदयाची सोनोग्राफी झाली. सुदैवाने मोठा दोष निघाला नाही. निवृत्तीनंतरची चार वर्षे स्कूटर आणि आरामखुर्ची यांत गेली होती, एवढेच. सहा मिनिटांत ते ३१० मीटर चालले. तो आकडा मी त्यांच्या कागदावर पेनने नवा रकाना आखून लिहिला. आता ते रोज सकाळी तळ्यापर्यंत जाऊन येतात. दोन महिन्यांनी पुन्हा मोजायचे ठरले आहे.