चौदा फीचर्स आणि आजीची सीडी

सीडी प्लेअरचं नाव वाचून हसू नका. आमच्या रूममध्ये हसून झालंय. "अगं, म्युझियममधून आणलंस का?" इथपासून "आता ग्रामोफोन कधी?" इथपर्यंत सगळं ऐकून झालं. तरीही लिहितेय, कारण हा प्लेअर शोधताना मी जे शिकले, ते मोबाईल घेतानाही उपयोगी पडेल.

झालं असं. दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या कपाटात एक सीडी सापडली. वर मार्करने लिहिलेलं, 'आई, ओव्या, २००५'. माझ्या आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या! आजी आता नाही. दुसरी कॉपी कुठेच नाही. आणि घरात सीडी वाजवायला काहीही नाही. हॉस्टेलवर आले तर आमच्या रूममध्ये चार लॅपटॉप, पण एकालाही ड्राइव्ह नाही. चार भावी इंजिनिअर आणि एक चकती वाजवता येईना!

म्हणून ऑनलाइन एक पोर्टेबल प्लेअर मागवला. खोक्यावर चौदा फीचर्स! ब्लूटूथ, साठ सेकंदांचं अँटी-शॉक, पाच प्रकारचे इक्वलायझर, रंगीत डिस्प्ले... आजीची सीडी घातली. चकती गरगरली, थांबली, आणि डिस्प्लेवर आलं 'नो डिस्क'.

चूक कंपनीची नव्हती, माझी होती. मामाने वापरली होती सीडी-आरडब्ल्यू, का तर चुकलं तर पुसून परत लिहिता येतं. पण दुकानातून विकत आणलेली छापील सीडी लेझरचा साधारण ७० टक्के प्रकाश परत पाठवते, तर आरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५ टक्के. एवढा क्षीण सिग्नल वाचायची सोय प्लेअरमध्ये मुद्दाम करावी लागते. माझ्या चौदा फीचर्समध्ये ती नव्हती. माहितीपत्रकात बारीक अक्षरांत 'सीडी, सीडी-आर' एवढंच होतं. ते वाचतो कोण? आपण फीचर्स मोजतो, वाचत नाही.

मग मात्र एकेक फीचर नीट तपासलं. अँटी-शॉक घ्या. सोनीने १९८४ मध्ये डी-५० हा पोर्टेबल प्लेअर आणला, तेव्हा ही सोय नव्हतीच. पुढे १९९० च्या दशकात प्लेअरमध्ये मेमरी आली. चकती जोरात फिरवून पुढचा आवाज आधीच मेमरीत भरायचा, म्हणजे धक्का बसला तरी गाणं अडखळत नाही. छान! पण सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट्स, तेही दोन चॅनेल्सचे. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख बिट्स. जास्त सेकंद मावावेत म्हणून काही प्लेअर्स आवाज दाबून साठवतात, आणि बॅटरीही जास्त खातात. टेबलावर ठेवून ऐकणाऱ्याला साठ सेकंद काय कामाचे? ते बंद करता येतं का, हे विचारा.

ब्लूटूथचंही तेच. सीडीचा न दाबलेला आवाज घ्यायचा आणि हवेतून पाठवताना दाबायचा! मग सीडी तरी कशाला? त्यापेक्षा लाइन-आउट बघा. त्यातून हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर टाळून सिग्नल सरळ स्पीकर सिस्टीमला जातो. बॅटरी आतच बंद आहे की साधे पेन्सिल सेल चालतात, तेही बघा. आतली बॅटरी गेली की चांगला प्लेअरही पडून राहतो. सेल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. एमपी३ चालत असेल तर उत्तमच, ७०० एमबीच्या एका सीडीत सुमारे बारा तासांची गाणी मावतात. बाकी रंगीत डिस्प्ले वगैरे म्हणजे मेसच्या भाजीवरची कोथिंबीर. भाजी कशी आहे ते बोला!

माझं मत स्पष्ट आहे. भरपूर फीचर्स आणि चांगली क्वालिटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडच्या डिस्क्स वाचणं, धक्का सोसणं, स्वच्छ आवाज आणि बदलता येणारी बॅटरी, या चार गोष्टी धड असतील तर प्लेअर चांगला. आणि दुकानात जाताना आपली सगळ्यात अवघड डिस्क सोबत न्या.

मी तेच केलं. शेवटी एका रिपेअरवाल्या काकांकडे वीसेक वर्षांपूर्वीचा एक जाडजूड प्लेअर मिळाला. झाकणावर 'सीडी-आर/आरडब्ल्यू' छापलेलं, ब्लूटूथ नाही, आणि लाइन-आउट आहे! काकांच्या काउंटरवरच सीडी लावली. आधी नुसती खरखर, मग आजीचा आवाज. मधेच ती मांजराला हाकलते, मामा हसतो, आणि ओवी परत सुरू होते. काकांनी दुकानातला पंखा बंद केला.

त्याच रात्री लाइन-आउटमधून ते सगळं लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं. कारण या चकत्याही अमर नाहीत. ऊन, उष्णता आणि ओरखडे यांनी घरी लिहिलेल्या सीडी खराब होतात.

म्हणून कॉलेजला एक विनंती. लायब्ररीत यूएसबीवर चालणारा एक सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह ठेवा, आमच्यासाठी आणि सरांच्या कपाटांतल्या जुन्या डिस्क्ससाठीही. आणि तुम्हां सगळ्यांना एक सांगणं. या सुट्टीत घरची कपाटं उघडा. कोणाचं लग्न, कोणाचं भाषण, कोणाची आजी... कोणीतरी तिथे वाट बघत असेल!