उतरण्याची घाई नको

पावसाळ्यात ढग खाली आले की बेळगावच्या सांब्रा विमानतळाकडे येणारे एखादे विमान धावपट्टी टप्प्यात आली असताना पुन्हा वर झेपावते. प्रवासी हवालदिल होतात. निपाणीस जाणारा गृहस्थ घड्याळ पाहत वैमानिकाच्या कौशल्याविषयी शंका घेतो. ही शंका आमच्या मते अनाठायी आहे.

विमानाचे सुखरूप उतरणे चाके टेकण्यापूर्वीच निश्चित होत असते. सुमारे तीन अंशांच्या उताराने येणारे विमान ढगाळ हवेत १००० फुटांवर आणि स्वच्छ हवेत ५०० फुटांवर असतानाच स्थिर झालेले असावे, असा सर्वमान्य दंडक आहे. वेग नेमका, उतरण्याची गती मिनिटास १००० फुटांच्या आत, चाके व फ्लॅप उघडलेले, इंजिनांचा जोर योग्य आणि विमान धावपट्टीच्या रेषेत. यांतील एकही गोष्ट साधली नसेल तर फिरून वर जावे. सांब्रा समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. तेथील विरळ हवेत विमान दाबोळीपेक्षा काहीशा अधिक वेगाने धावपट्टीवर येते, आणि ती धावपट्टी सुमारे २३०० मीटरची. ओल्या दिवशी तेथे हा दंडक सैल करून चालणार नाही.

तो मोडल्याची किंमत पश्चिम किनाऱ्याने मोजली आहे. २२ मे २०१० रोजी मंगळूरला १५८, तर ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला २१ जीव गेले. दोन्ही चौकशांत विमान अस्थिर अवस्थेतच उतरवले गेल्याचा आणि वर जाण्याची सहवैमानिकाची सूचना पाळली न गेल्याचा निष्कर्ष निघाला. कोळिकोडचे कप्तान दीपक साठे हे तर वायुदलातून आलेले अनुभवी वैमानिक होते. अनुभव हा दंडकाला पर्याय होऊ शकत नाही, हाच याचा अर्थ.

जगभरच्या पाहणीत, अस्थिर अवस्थेत आलेली सुमारे ९७ टक्के विमाने तशीच उतरवली जातात, असे आढळले आहे. बहुतेकदा काही होत नाही, आणि त्यातूनच खोटा विश्वास जडतो. म्हणून कंपन्यांनी फिरून वर गेलेल्या वैमानिकाकडे इंधनाचा जाब मागू नये, ज्येष्ठाने कनिष्ठाच्या शब्दास तत्काळ मान द्यावा आणि प्रवाशांनीही त्रागा करू नये. निपाणीस अर्धा तास उशिरा पोहोचण्यात कोणाचेही नुकसान नाही.