मोजून-मापून शेजार

१९५६च्या जानेवारीत अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला लागून असलेल्या शेकर हाइट्समध्ये एका घराचं गॅरेज बॉम्बने उडवलं गेलं. घर अजून बांधून पुरं व्हायचं होतं. मालक जॉन पेग वकील होते आणि कृष्णवर्णीय होते. एवढं कारण पुरलं. हे उपनगर वसलंच होतं निवडक माणसांसाठी. ते वसवणाऱ्या व्हॅन स्वेरिंजेन बंधूंच्या खरेदीखतात मेख होती: कंपनीच्या संमतीवाचून घर पुढे विकता येत नसे. ती संमती कोणाला मिळणार नाही, हे वेगळं सांगावं लागत नसे.

स्फोटानंतर तिथल्या लडलो भागातले काळे-गोरे शेजारी एकमेकांच्या दिवाणखान्यात जमू लागले. १९५७ मध्ये लडलो कम्युनिटी असोसिएशन उभी राहिली. कॉफीच्या कपावर मनातली भीती कमी होते, बाजाराची होत नाही. गल्लीत एक काळं कुटुंब आलं की दलाल गोऱ्यांच्या दारात हजर: आत्ताच विका, उद्या भाव पडेल. घाबरलेल्याकडून स्वस्तात घ्यायचं आणि ज्याला इतरत्र कोणी घर देत नाही त्याला चढ्या दराने विकायचं. अशा वस्तीत घर घेणाऱ्या गोऱ्याला कर्ज द्यायला बँकाही नाखूश. भाव पडणार असं सांगणारेच भाव पाडत होते.

संघटनेने काढलेला तोडगा मात्र बारकाईने पाहावा असा आहे. तिने लडलो कंपनी काढली. बँकेच्या कर्जानंतर जी रक्कम कमी पडे, ती कंपनी देई, पण गोऱ्या गिऱ्हाइकाला. काळे तर येतच आहेत, गोरे यायला हवेत, असा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. या लोकांच्या हेतूवरही मला शंका नाही. पण त्या संघटनेतल्या काळ्या सभासदाच्या जागी बसून पाहा. आपल्या मेहुण्याला इथे घर हवं असेल, तर संघटनेने त्याच्यासाठी हात आखडता घ्यावा, याला आपणच मान हलवायची.

धोका इथेच आहे. एकत्र राहण्याचं माप जेव्हा टक्क्यांत ठरतं, तेव्हा गोरा माणूस किती काळे शेजारी सोसेल, हीच मोजपट्टी होऊन बसते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या स्टॅरेट सिटी या गृहसंकुलात ते उघड दिसलं. ४६ इमारती, ५,८८१ घरं आणि वंशानुसार ठरवलेला वाटा. परिणामी घर रिकामं असूनही काळा अर्जदार यादीत ताटकळत राही. १९८८ मध्ये अपील न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं. जो कायदा काळ्यांना घर मिळावं म्हणून १९६८ मध्ये झाला, त्याच कायद्याने.

लडलोवर इतका ताण का आला, याचं उत्तर लडलोत नव्हतंच. आजूबाजूच्या उपनगरांनी दारं लावून घेतली होती, म्हणून सगळी गर्दी या एका उघड्या दाराशी. हे विन्स्टन रिची यांनी ओळखलं. पेशाने दंतवैद्य, कृष्णवर्णीय, लडलो संघटनेचे माजी अध्यक्ष. १९८४ पासून ते काळ्या कुटुंबांना पूर्वेकडच्या गोऱ्या उपनगरांत घरं दाखवू लागले. ती गावं काही उत्साहाने पुढे आली नाहीत, आणि शतक सरण्याआधीच ते काम थांबलं.