केसपेपरवर एक ओळ वाढवा

पावसाळा लागला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वस्त्यांत भोंगा लावलेली गाडी फिरते. पाणी उकळून प्या, पिंपे आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी ठेवा, पुराच्या पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन लेप्टोच्या गोळीबद्दल विचारा, असे ती सांगते. भिंतीवर डेंग्यूचे पोस्टर लागते आणि तेच पोस्टर फोटो होऊन मोबाईलवर फिरते. कागदोपत्री जनजागृती पूर्ण झाली!

पण भोंगा कर्णबधिर भावाला ऐकू येत नाही. पोस्टर अंध बहिणीला दिसत नाही. तिचा मोबाईल टॉकबॅकवर मजकूर वाचून दाखवतो, मात्र फोटोतली अक्षरे बहुतेक वेळा तशीच राहून जातात. बौद्धिक दिव्यांग मुलाला 'प्रतिबंधात्मक उपाययोजना' म्हणजे काय हे कोण समजावणार? आणि रोग तर कुणाला वगळत नाही.

हा चार-दोन घरांचा प्रश्न आहे असे कुणी समजू नये. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यांतले सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात. एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के होते. धोक्याची कामे, उशिरा मिळणारे उपचार, अपुरे अन्न यांचा हिशेब असाच शरीरावर निघतो, असे आमचे मत आहे. शुगरने नजर गेलेले वडील आणि कमी ऐकू येणारी आजी यांना तर आपण या मोजणीत धरतही नाही.

कोविडच्या काळात हे सगळे उघडे पडले. मास्कमुळे ओठ झाकले गेले आणि ओठ वाचून समजून घेणाऱ्या कर्णबधिरांची वाटच बंद झाली. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाला लसीसाठी कोविन पोर्टलवर नाव नोंदवणे सक्तीचे होते. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या अडचणी नोंदवल्या. अंधांसाठी आवाजी कॅप्चा नाही, कोणत्या केंद्रावर कोणती लस, फुकट की पैसे भरून, हे त्यांना कळत नाही, कीबोर्डने पोर्टल चालत नाही. लस होती, केंद्र होते, फक्त त्या दाराशी पोहोचवणारी माहिती नव्हती.

कायदा मात्र स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संवाद म्हणजे काय हे सांगताना सांकेतिक भाषा, ब्रेल, मोठी अक्षरे आणि सोपी भाषा यांचा उल्लेख आहे. कलम २५ रुग्णालयांत अडथळ्याविना प्रवेश आणि उपचारात प्राधान्य सांगते. कलम ४२ प्रमाणे ध्वनी, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतली माहिती दिव्यांगांना वापरता येईल अशी करण्याची जबाबदारी सरकारवर आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असेही बजावले. म्हणजे आपण मागतो ती दया नव्हे, हक्क आहे.

वॉर्डात वर्षे काढून वस्तीत काम करू लागलेल्या आम्हा परिचारिकांना यातले सर्वांत बोचणारे चित्र ओपीडीतले वाटते. मूकबधिर बाई तपासायला येते आणि बोलते तिची सासू, नाहीतर दहा वर्षांचा मुलगा. अंगावर पांढरे जाणे, पाळी, गर्भपात, घरातली मारहाण, यातले काय ती मुलाच्या तोंडून सांगणार? अंध रुग्णाच्या हातात सारख्या मापाच्या तीन पट्ट्या दिल्या जातात आणि 'ही सकाळी, ती रात्री' असे बोटाने दाखवले जाते! मग बीपीची गोळी दोनदा जाते, टीबीची गोळी सुटते.

यावर आमचे एकच मागणे आहे. केसपेपर काढताना नाव, वय, पत्ता विचारता, तसा आणखी एक प्रश्न विचारा: 'तुम्हाला माहिती कशी सांगू?' आणि उत्तर केसपेपरच्या वरच ठळक लिहा. 'ऐकू येत नाही, लिहून सांगा.' 'दिसत नाही, गोळ्या हातात देऊन ओळखवा.' 'सोप्या शब्दांत, दोनदा सांगा.' इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २०१६ पासून हाच नियम आहे: रुग्णाची गरज विचारायची, नोंदवायची, सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची, पुढच्या विभागाला कळवायची आणि पूर्ण करायची. युरोपीय संघात औषधाच्या खोक्यावर नावही ब्रेलमध्ये असावे लागते.

'इथे गर्दी केवढी, वेळ कुठे आहे?' असे उत्तर येईल. गर्दी आम्हीही उपसली आहे. प्रश्नाला अर्धा मिनिट लागतो. चुकीच्या गोळीने परत आलेल्या रुग्णाला किती तास लागतात, ते प्रत्येक सिस्टरला माहीत आहे. सकाळच्या पट्टीला एक रबरबँड, रात्रीच्या पट्टीला दोन, एवढ्याने अंध माणूस स्वतःची औषधे स्वतः घेऊ शकतो. याला कुठले बजेट लागते?

जिथे पैसा लागतो तिथे तोही आहे. राज्यातील स्थानिक संस्थांनी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा आहे. त्यातून ठरलेल्या वारी सांकेतिक भाषेचा दुभाषी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, कल्याणच्या रुक्मिणीबाईत, डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात बसवता येईल. रोज नको, आठवड्याचा एक दिवस तरी! साथीच्या सूचनेचा सांकेतिक भाषेतला छोटा व्हिडिओही त्यातच निघेल.

आपल्याकडूनही सुरुवात होऊ द्या. मोबाईलवर पोस्टर टाकाल तर खाली तोच मजकूर टाइप करा किंवा आवाजात बोलून पाठवा. विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत, छोट्या वाक्यांत लिहा. गल्लीत कोणाला ऐकू येत नाही, कोणाला दिसत नाही, याची त्यांच्या संमतीने महिला मंडळाने यादी करावी आणि भोंग्याची गाडी येऊन गेली की त्या घरी निरोप जावा. आशाताईंनाही ही यादी द्या.

आणि पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की खिडकीवर न लाजता सांगा, 'ताई, केसपेपरवर एवढी एक ओळ लिहा.' दहाजणांनी सांगितले तर विनंती ठरेल. शंभरजणांनी सांगितले तर छापील रकाना होईल.

जय भीम!